कारळ्याच्या प्लेटवर तपकिरी होणारं यीस्ट

पिंपळपान (धागाकर्ती)

ब्लड कल्चरची (रुग्णाच्या रक्तात जंतू वाढतात का ते बघायची) बाटली पॉझिटिव्ह आली आणि ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे रंगवलेल्या स्लाइडवर, कळ्या फुटलेल्या अंडाकृती पेशी दिसल्या की आम्ही लॅबमधून थेट वॉर्डला फोन करतो. ‘यीस्ट दिसतंय’ एवढं म्हटलं की पलीकडच्या डॉक्टरांचा आवाज बदलतो. नातेवाइकांना मात्र तोच शब्द ऐकून हायसं वाटतं. ‘यीस्टच ना? पावात घालतात ते?’ असं एका आजींनी मला विचारलं होतं. त्यांना तिथे उभ्या उभ्या नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

यीस्ट हे एका कुळाचं नाव नाही, ते राहणीचं नाव आहे. एकेकट्या पेशीने जगायचं आणि बहुधा कळी काढून वाढायचं, हे ज्या बुरशींना जमतं त्या सगळ्या यीस्ट. पावातलं सॅकरोमायसिस आणि कँडिडा एका मोठ्या शाखेत येतात. क्रिप्टोकॉकस तर आळंब्यांच्या बाजूचं. त्यामुळे ‘यीस्ट रोग कसा करतं’ याला एकच उत्तर नाही. प्रत्येकाची हत्यारं वेगळी.

पहिली अट मात्र सगळ्यांना सारखी, तापमानाची. बहुतेक बुरशींना आपलं ३७ अंशांचं शरीर म्हणजे भट्टी. २००९ साली रॉबर्ट आणि कासादेवाल या संशोधकांनी बुरशीसंग्रहातल्या हजारो नमुन्यांची माहिती तपासली, तेव्हा ३० ते ४० अंशांच्या पट्ट्यात दर अंशामागे सुमारे ६ टक्के नमुने गळत गेले. आपलं गरम रक्त हीच आपली मोठी तटबंदी आहे. ती ओलांडणारी थोडीच.

त्या थोड्यांपैकी कँडिडा अल्बिकन्स आपल्या घरातलंच. तोंडात, आतड्यात, योनीमार्गात ते कित्येक निरोगी माणसांत गुपचूप राहतं. त्याचं खरं कसब म्हणजे रूप बदलणं. गोल पेशीतून लांब तंतू निघतो, आणि हे लॅबमध्ये अडीच तासांत डोळ्यांनी बघता येतं. जर्म ट्यूबची चाचणी म्हणतात ती हीच.

एम.एस्सी.ला असताना मी ती पहिल्यांदा लावली तेव्हा सपशेल चुकले. अर्धा मिली सिरममध्ये (रक्तातल्या पातळ भागात) कॉलनी, म्हणजे प्लेटवर वाढलेल्या यीस्टचा ठिपका, चांगली गुठळीभर घातली, जास्त असेल तर नीट दिसेल या समजुतीने. ३७ अंशांना ठेवून अडीच तासांनी स्लाइड बघितली, तर नुसत्या गोल पेशी. ‘निगेटिव्ह’ लिहून टाकलं. आमच्या बाईंनी तीच प्लेट मागवली, लूपचं (तारेच्या कडीचं) टोक कॉलनीला जेमतेम टेकवलं आणि सिरम किंचित धुरकट होईल इतकंच घालून पुन्हा लावायला सांगितलं. या वेळी मोड आलेल्या मटकीसारखं दृश्य होतं. गोल पेशी आणि तिला फुटलेली एक सरळ नळी, आणि जिथून नळी फुटली तिथे कुठेही कंबर आवळलेली नाही. ही न आवळलेली कंबरच ओळखीची खूण. कँडिडा ट्रॉपिकॅलिससुद्धा कधी कधी लांबुळकं होतं, पण त्याची कंबर आवळलेली असते.

गर्दीत मोड का आले नाहीत, याचं कारण २००१ मध्ये समोर आलं. या पेशी फार्नेसॉल नावाचं द्रव्य बाहेर सोडतात. गर्दी वाढली की ते साठतं आणि तंतू काढायचं थांबतं. म्हणजे आजूबाजूला आपले किती आहेत हे पेशीला कळतं आणि त्यावर ती रूप ठरवते. मला हे वाचून माझी ती फसलेली स्लाइड आठवली आणि अंगावर काटा आला.

तंतू निघाला की पुढचं सगळं त्याच्यासोबत येतं. त्याच्या पृष्ठभागावर एएलएस३ नावाचं चिकटायचं प्रथिन असतं. तेच आपल्या पेशींत शिरायला मदत करतं आणि तेच फेरिटिनमधलं (लोह साठवणाऱ्या प्रथिनातलं) लोह ओरबाडायलाही उपयोगी पडतं. एचडब्ल्यूपी१ हे दुसरं प्रथिन तर असं आहे की आपल्याच पेशींतलं एन्झाइम त्याला आपल्या तोंडातल्या त्वचेशी पक्कं सांधून देतं. आणि मग कँडिडालायसिन. फक्त ३१ अमिनो आम्लांचा तुकडा, तंतूरूपातच तयार होणारा, आपल्या पेशीच्या पडद्याला भोकं पाडणारा. २०१६ साली याचा शोध प्रसिद्ध झाला. तोवर माणसात रोग करणाऱ्या कुठल्याही बुरशीत असं पेशी फोडणारं पेप्टाइड विष सापडलं नव्हतं. त्यातला प्रयोग मला फार आवडतो: ज्या कँडिडातून हे विष काढून टाकलं, ते तंतू काढत होतं, चिकटत होतं, आतही घुसत होतं, पण पेशीला इजा होत नव्हती.

आता क्रिप्टोकॉकस, मेंदूज्वर करणारं यीस्ट. १८९४ साली इटलीत सानफेलिचे यांना हे पीचच्या रसात सापडलं आणि त्याच सुमाराला जर्मनीत बुसे यांना एका रुग्ण स्त्रीच्या नडगीच्या हाडात. एक फळात, एक हाडात. तेव्हापासूनच त्याचा दुहेरी पत्ता आपल्याला माहीत आहे. पाठीतल्या पाण्याचा थेंब काळ्या शाईत मिसळून बघितला की काळ्या आभाळात चंद्राला खळं पडावं तशी पेशी दिसते. ते खळं म्हणजे तिचं कॅप्सूल, साखरेच्या लांब साखळ्यांचं जाड वेष्टन. आपल्या भक्षक पेशींना, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींना, ते गिळवत नाही.

दुसरं हत्यार मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य, आणि इथे आपलं कारळं येतं. हो, चटणीचंच. जर्मन संशोधक श्टाइब यांनी १९६२ साली गायझोशिया ॲबिसिनिकाच्या बियांचा अर्क यीस्ट वाढवायच्या माध्यमात घातला. हे बी तिकडे पक्ष्यांच्या दाण्यात असतं. त्या प्लेटवर इतर यीस्ट पांढरी राहिली आणि क्रिप्टोकॉकसच्या कॉलनी तपकिरी झाल्या. कारळ्यात कॅफिक आम्लासारखी द्रव्यं असतात आणि क्रिप्टोकॉकसचं लॅकेज एन्झाइम त्यांचं मेलॅनिन करतं. हा रंग आपल्या भक्षक पेशींचा रासायनिक मारा झेलतो, उन्हातही वाचवतो. आमच्याकडे ही प्लेट करायची असली की मी कारळं घरून नेते. खलबत्त्यात कुटून, उकळून, गाळून घ्यायचं. त्या दिवशी मीडिया रूमला (प्लेट बनवायच्या खोलीला) स्वयंपाकघराचा वास येतो.

माझ्या मनात बरीच वर्षं एक प्रश्न होता. क्रिप्टोकॉकसला माणसाची गरजच नाही. एका माणसाकडून दुसऱ्याकडे ते एरवी जातही नाही. मग एवढी शस्त्रसामग्री कशासाठी? २००१ मध्ये कासादेवाल यांच्या गटाने ते मातीतल्या अमीबासमोर सोडलं. कॅप्सूलवालं यीस्ट अमीबाच्या पोटात जगलं, वाढलं. बिनकॅप्सूलचं मेलं. अमीबा जसं गिळतो तशीच आपली भक्षक पेशी गिळते. मातीत पोट भरताना कमावलेली हत्यारं आपल्या अंगात आल्यावर चालून जातात, असं मला यावरून पटलं. तुम्हाला काय वाटतं? प्रश्न, दुरुस्त्या, अनुभव, सगळं लिहा.

खडीसाखर

कारळ्याचं वाचून थक्क झाले! आमच्याकडे त्र्यंबकच्या बाजूला खुरासणी म्हणतात. पाऊस सरता सरता डोंगरउतार पिवळेधमक होतात. एक भाबडा प्रश्न: मग कारळ्याची चटणी खाल्ल्याने हे यीस्ट बळावतं का?

पिंपळपान

अजिबात नाही, निर्धास्त खा. चटणी पोटात पचते, यीस्ट येतं श्वासातून. प्लेटवर आपण त्याला कच्चा माल देतो इतकंच. मेंदूत मात्र डोपामीनसारखा कच्चा माल आयताच असतो, आणि लॅकेजला तोही चालतो. या यीस्टचा ओढा मेंदूकडे का, याच्या कारणांत हेही एक मानतात.

दीपमाळ

उत्तम लेख. मी फिजिशियन आहे, म्हणून एक शंका. कँडिडाचा धोका तंतूंत आहे असं मांडलंत, पण माझ्या मधुमेही रुग्णांच्या रिपोर्टमध्ये कँडिडा ग्लाब्राटा वरचेवर येतं. ते तंतू काढत नाही. कँडिडालायसिन नाही. तरी माणूस सेप्सिसमध्ये (रक्तात संसर्ग पसरून अत्यवस्थ) जातो. मग तंतू हे रोगाचं कारण की अल्बिकन्सची केवळ एक पद्धत?

पिंपळपान

डॉक्टर, तुमचं बरोबर आहे, मी ते लेखात लिहायला हवं होतं. ग्लाब्राटा नात्याने अल्बिकन्सपेक्षा पावातल्या यीस्टला जवळ आहे. त्याचं कसब चिकटण्यात आणि टिकण्यात. ईपीए कुळातली प्रथिनं त्याला पेशींना घट्ट धरून ठेवतात, आणि भक्षक पेशीने गिळलं तरी ते आतच तग धरून वाढतं. अल्बिकन्स गिळलं गेलं की तंतू काढून पेशी फोडून बाहेर पडतं. एक भिंत फोडणारं, एक घरातच दबा धरून बसणारं. त्यातून फ्लुकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाला ग्लाब्राटा लवकर दाद देत नाही, हे तुम्ही रोज बघताच.

रानवारा

मी बाहेरदेशी बुरशीच्या जनुकांवर काम करतो, थोडी भर घालतो. ‘अमुक प्रथिन हा रोगकारक घटक’ असं म्हणायला पुरावा काय लागतो, हे सांगायला हवं. स्टॅन्ली फाल्को यांनी १९८८ मध्ये कसोटी घालून दिली: जनुक काढा, रोग करण्याची क्षमता घटली पाहिजे, परत घाला, ती परत आली पाहिजे.

अल्बिकन्समध्ये हे वाटतं तितकं सोपं नाही. त्याच्या पेशीत प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, दोन्ही काढाव्या लागतात. त्यासाठी पूर्वी यूआरए३ नावाचं खुणेचं जनुक वापरायचे. पुढे लक्षात आलं की हे खुणेचं जनुक गुणसूत्रावर कुठे बसतं त्यावरच यीस्टची मारकता कमीजास्त होते! म्हणजे प्रयोगातला उंदीर वाचला तो आपण काढलेल्या जनुकामुळे की खुणेच्या जागेमुळे, हेच कळेना. प्रथिनं कापणाऱ्या एसएपी एन्झाइमांचं असंच झालं. १ ते ६ क्रमांकाची एसएपी रोगाला फार महत्त्वाची असं आधीच्या कामात दिसलं होतं. नव्या पद्धतीने पुन्हा केल्यावर, निदान रक्तातून पसरणाऱ्या आजारात, त्यांचा वाटा बराच मर्यादित निघाला. जुन्या पाठ्यपुस्तकांत अजून पहिलंच छापलेलं असतं.

तंतूंबद्दल मात्र पुरावा भक्कम आहे. १९९७ मध्ये सीपीएच१ आणि ईएफजी१ ही दोन्ही नियंत्रक जनुकं काढलेलं अल्बिकन्स उंदरांना मारू शकलं नाही. तरी इथेही सावध राहावं, कारण ती जनुकं तंतूशिवाय इतरही बऱ्याच गोष्टी चालवतात.

पिंपळपान

रानवारा, यूआरए३ची गोष्ट मला इतक्या तपशिलात माहीत नव्हती. मनापासून आभार. आमच्या विद्यार्थ्यांना एसएपीची यादी पाठ करायला लावतात, त्यांना हे नक्की दाखवणार.

कडेपठार

२०२१ मध्ये आमच्या मामांचा डोळा काळ्या बुरशीने गेला. तेही यीस्टच होतं का?

पिंपळपान

वाचून वाईट वाटलं. नाही, तो म्युकरमायकोसिस. ती यीस्ट नव्हे, तंतूंची बुरशी, वेगळ्याच शाखेतली. पण वाढलेली साखर आणि रक्तातलं मोकळं लोह या दोन गोष्टी तिला अतिशय मानवतात. त्यात कोविडसाठी दिलेल्या स्टेरॉइडने साखर आणखी चढली आणि प्रतिकार उतरला. मामांची साखर आता आटोक्यात असू द्या.

दादरकर

आमच्याकडे कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये केवढं रान पेटलं होतं. तेव्हा ‘कबुतरांमुळे मेंदूला बुरशी होते’ असे मेसेज फिरत होते. खरं किती?

पिंपळपान

अर्धं खरं. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस असतं, हे एमन्स यांनी अमेरिकेत १९५५ मध्येच दाखवलं. त्या विष्ठेतलं क्रिएटिनीन त्याला मानवतं. वाळलेली पूड झाडताना ते श्वासात जातं. पण धडधाकट माणसाचं शरीर बहुतेक वेळा ते तिथेच दाबून टाकतं. खरा धोका ज्यांचा प्रतिकार खूप उतरलाय त्यांना: एचआयव्हीमध्ये सीडी४ (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींची मोजणी) १००च्या खाली गेलेले, अवयवरोपण झालेले, दीर्घकाळ स्टेरॉइडवर असलेले. २०२२ मधल्या एका जागतिक अंदाजानुसार एड्सने होणाऱ्या मृत्यूंपैकी साधारण १९ टक्के क्रिप्टोकॉकसच्या मेंदूज्वराचे, म्हणजे वर्षाला लाखाच्या वर. आणि रक्ताच्या एका थेंबावर पट्टीची साधी चाचणी करून हे आधीच पकडता येतं! हा आकडा मी कितीही वेळा वाचला तरी मन घट्ट होत नाही.

कबुतरांच्या विष्ठेने फुप्फुसाला जी ॲलर्जीची सूज येते तो आजार निराळा आणि तो धडधाकट माणसालाही होऊ शकतो. गॅलरी साफ करताना पाणी शिंपडून, मास्क लावून करा. कोरडं झाडू नका.

आणि नुसती कबुतरंच नाहीत. याचा भाऊबंद क्रिप्टोकॉकस गॅटी ऑस्ट्रेलियात निलगिरीच्या झाडांवर सापडला आणि आपल्याकडे दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या लोकांना जांभळाच्या झाडांच्या कुजलेल्या ढोलींत. म्हणून कुणी जांभळं तोडायला निघू नये.

खडीसाखर

डोक्यातला कोंडाही यीस्टमुळे होतो म्हणतात. खरं का? सासूबाई म्हणतात, तेल लाव, जाईल.

पिंपळपान

मॅलॅसेझिया. त्याला स्वतःची स्निग्ध आम्लं बनवताच येत नाहीत, ते जनुकच नाही. म्हणून ते आपल्या डोक्याच्या तेलावर जगतं. लायपेज सोडून तेल फोडतं, त्यातून सुटलेलं ओलेइक आम्ल काही जणांच्या त्वचेला सोसत नाही आणि पापुद्रे निघतात. लॅबमध्ये मॅलॅसेझिया वाढवायला आम्ही प्लेटवर ऑलिव्ह तेल ओततो. तेव्हा सासूबाईंना प्रेमाने सांगा, कोरडेपणाला तेल ठीक, पण खऱ्या कोंड्यात रात्रभर तेल चोपडून ठेवणं म्हणजे त्याला जेवण वाढणं. कीटोकोनॅझोलचा शाम्पू बरा.

चाफा

मी इथे फक्त वाचत असते, पण आज लिहावंसं वाटलं. माझे बाबा दोन महिन्यांपूर्वी एका आयसीयूत होते. एक दिवस अचानक त्यांना वेगळ्या खोलीत हलवलं, दारावर लाल कागद लावला, आम्हाला गाऊन घातल्याशिवाय आत सोडेनात. कुणी काही समजावलं नाही. रिपोर्टवर ‘कँडिडा ऑरिस, स्क्रीनिंग’ असं होतं. आई आठ दिवस रडत होती, की यांना असं वाळीत का टाकलं. बाबा आता घरी आहेत. पण आई त्यांचं ताट वेगळं ठेवते. ते यीस्ट अजून त्यांच्या अंगावर असेल का? आम्हाला होईल का?

पिंपळपान

चाफा, बाबा घरी आले हे वाचून बरं वाटलं. तुम्हाला कुणीतरी दहा मिनिटं बसून सांगायला हवं होतं. मी प्रयत्न करते.

ऑरिस म्हणजे लॅटिनमध्ये कान. टोकियोतल्या एका सत्तरीच्या बाईंच्या कानात सापडलेल्या या यीस्टची पहिली नोंद २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. हे यीस्ट सहसा तंतू काढत नाही. त्याची ताकद चिकटून राहण्यात आहे. काखेत, जांघेत, त्वचेवर ते महिनोन्‌महिने राहतं. पलंगाचा कठडा, बीपीचा पट्टा, टेबल यांवर आठवडेच्या आठवडे जिवंत राहतं. २०२३ मध्ये त्याचं एससीएफ१ नावाचं एक चिकटायचं प्रथिन सापडलं, जे प्लास्टिकसारख्या पृष्ठभागांनाही धरतं. मीठ सोसतं, ४२ अंशांना वाढतं. बहुतेक नमुने फ्लुकोनॅझोलला दाद देत नाहीत. आयसीयूत शेजारच्या पलंगावर सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) लावलेला माणूस असतो, त्या नळीवर ते पोचलं तर थेट रक्तात. वेगळी खोली त्या शेजारच्यासाठी होती. बाबांना कुणी टाकलं नव्हतं.

आता तुमचे प्रश्न. स्क्रीनिंगमध्ये सापडलं म्हणजे ते त्वचेवर आहे, आजार झालाय असं नाही, आणि नुसतं त्वचेवर असेल तर त्यासाठी औषध देत नाहीत. ते अजूनही असू शकतं. पण घरातल्या धडधाकट माणसांना त्यापासून आजार होणं फार दुर्मीळ. ताट वेगळं ठेवायची काही गरज नाही. बाबांची ड्रेसिंग, कॅथेटर काही असेल तर ते करण्याआधी आणि नंतर हात नीट धुवा. पुढे कधीही कुठल्या दवाखान्यात भरती करायची वेळ आली, तर ‘यांच्या अंगावर ऑरिस सापडलं होतं’ हे पहिल्याच दिवशी सांगा. तो रिपोर्ट फाईलमध्ये वरच ठेवा.

दीपमाळ

चाफा, पिंपळपान यांनी लिहिलंय ते सगळं बरोबर आहे. आईंना माझ्याकडूनही सांगा, एका ताटात जेवा. अचानक थंडी वाजून ताप आला तर मात्र वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

रानवारा

ऑरिस आलं कुठून हे कोडं अजून सुटलेलं नाही. जगाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे वंश जवळजवळ एकाच काळात वर आले. २०१९ मध्ये कासादेवाल आणि सहकाऱ्यांनी तर्क मांडला की हवामान तापत गेलं तसं या यीस्टने उष्णतेची सवय केली आणि आपली ३७ अंशांची तटबंदी ओलांडली. २०२१ मध्ये दिल्लीच्या अनुराधा चौधरी यांच्या गटाला ते अंदमानच्या खारजमिनीत आणि किनाऱ्याच्या वाळूत सापडलं. त्यातला एक नमुना गरमीत इतरांपेक्षा हळू वाढणारा आणि औषधांना दाद देणारा होता. तो जुना, रानटी वंश असावा असं वाटतं, पण तो माणसांकडूनच तिथे गेला नसेल हे अजून ठरलेलं नाही.

आणि पिंपळपान, तुमच्या अमीबाच्या मुद्द्याला जोड: २०२४ मध्ये उंदरांवर दिसलं की कँडिडालायसिन अल्बिकन्सला आतड्यात जिवाणूंशी झगडून जागा टिकवायलाही मदत करतं. विष आहे ते शेजाऱ्यांशी भांडायचं, आपण मध्ये सापडतो.

पिंपळपान

अंदमानचा तो हळू वाढणारा नमुना माझ्याही डोक्यातून जात नाही. आतड्यातल्या कामाचा तपशील जमला तर स्वतंत्र धाग्यात लिहाल का?

चाफा

दोघांचेही प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवले. ‘शेजारच्यासाठी होती’ हे वाक्य तिने परत वाचायला लावलं. शेजारच्या पलंगावर एक पंचविशीतला मुलगा होता, अपघाताचा. तिला त्याचं नावही आठवत होतं. रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून फाईलच्या पहिल्या पानाला लावलाय. आणि रात्री तिने बाबांचं ताट आमच्या ताटांबरोबर मांडलं.